हरभऱ्यातले श्रोते

स्पर्धा अंकितने जिंकली. नियम आधी ठरले होते, ते सगळ्यांना मान्य होते, आणि पंचांनी निकाल स्वतःच्या पायांनी मातीत लिहून दिला होता. पंच रानडुकरं होती.

यातलं काहीच घडलं नाही असं धरून रजत सकाळी हरभऱ्यात उकिडवा बसला आणि त्याने एका खुराच्या ठशात बोट घातलं. ठसा ताजा होता. दवाने ओल्या झालेल्या काळ्या मातीत दोन बोटं जोडून दाबावीत तसा उमटलेला. त्याने बोट पँटला पुसलं, पुढचा ठसा पाहिला, मग त्याच्या पुढचा. हरलेल्या माणसाचं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी मांडवात रेंगाळणाऱ्या आयोजकासारखा तो हिंडत होता.

अंकित बांधावर उभा होता. जाम गावच्या हायवेवर तो टायरच्या दुकानात काम करत असे. आज दुकानाला दांडी मारून, थंडीत मोटरसायकल हाणत, तो अल्लीपूरला फक्त स्वतःचा विजय पाहायला आला होता.

"आले का नाई डुकरं?"

"आले."

"मंग हरला ना बे तू."

"थांब ना जरा."

"काय थांब? नियम कोनं केले? तूच केले. ज्याच्या गायकाच्या पाळीत डुकरं येतीन, तो हरला."

"तुले ठसे दिसून राह्यले," रजत मान वर न करता म्हणाला. "मले दुसरंच काही दिसून राह्यलं."

वर्धा जिल्ह्यात व्हॉल्गार्थ हा फिनलंडचा मेटल बँड ऐकणारे लोक तीन होते आणि त्यांच्यात तीन गट होते. बँडचा पहिला गायक स्टेन. विहिरीतली मोटार गाळ ओढायला लागल्यावर जो आवाज करते, त्या आवाजात तो आयुष्यभर गायला. अंकित स्टेनचा. स्टेन बँड सोडून गेल्यावर मिका आला. मिका मोकळ्या गळ्याने गायचा, उंच सूर लावायचा, त्याचे शब्दसुद्धा कळायचे, आणि याच कारणांसाठी जगभरच्या चाहत्यांनी त्याला बँड बुडवणारा माणूस म्हणून जाहीर केलं होतं. रजत मिकाचा. या दोघांच्या मधे आंतोन नावाचा कुणी एक हिवाळा गाऊन गेला. त्याचं एकच रेकॉर्डिंग होतं आणि त्यात आंतोनपेक्षा प्रेक्षकच जास्त ऐकू येत. सपना आंतोनची. ती बोरगाव मेघेला राहायची, एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची आणि पुराव्याशिवाय एक शब्द बोलायची नाही. आंतोनचा विषय तेवढा सोडून.

हा वाद फोनवर झाला होता, लग्नांत झाला होता. अंकितच्या मामाच्या तेरवीत तर बुंदी वाढता वाढता तो इतका पेटला की, स्टेन नावाचं कुणी पाव्हणंही त्याच महिन्यात वारलं, असा पंगतीचा समज झाला. दोन म्हाताऱ्यांनी हळहळ व्यक्त केली.

"मिका गायक नाई, पाहुना होय," अंकित म्हणायचा. "त्याचं गानं लग्नात वाजवलं तरी कोनी उठून जानार नाई. हे काय मेटल होय?"

"अन् स्टेन गात नाई. त्याले खोकला आहे."

"त्या खोकल्यात दर्द आहे बे."

"दर्द असन तर सावंगीच्या दवाखान्यात दाखव म्हना."

"आंतोनचं ते रेकॉर्डिंग नीट ऐका ना एकदा," सपना मधे म्हणायची. त्यावर दोघं एकदम गप्प व्हायचे. तेवढ्या एका मुद्द्यावर त्यांची युती होती.

रजतच्या घरी या सगळ्याला एकच शब्द होता: बोंब. "बोंब बंद कर अन् जेवाले ये," असं त्याचे वडील किसनराव म्हणत. ते हे रागाने म्हणत नसत. गाईला गाय म्हणावं तसं म्हणत, आणि तेच रजतला लागायचं. शिवी असती तर भांडता आलं असतं. पानठेल्यावरच्या पोरांनी हसावं, त्याचं त्याला काही वाटत नसे. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की घरातल्या एका माणसाने मिकाचं एक गाणं एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं आणि मग काय म्हणायचं ते म्हणावं.

संधी आली ती भोंग्यामुळे. किसनरावांच्या वावरात, नाल्याच्या बाजूला, रानडुकरं हाकलायचा भोंगा खांबावर बांधलेला होता. वर सौर पट्टी, खाली बॅटरी, आत मेमरी कार्ड. अल्लीपूरच्या शिवारात असे भोंगे जागोजागी होते आणि सगळे एकाच दुकानातून आलेले असल्यामुळे सगळ्यांत एकच रेकॉर्डिंग होतं. आधी कुत्रा भुंकायचा, मग वाघ, मग एक माणूस ‘हाऽऽड’ म्हणायचा, मग परत कुत्रा. दोन हंगामांत डुकरांचं ते पाठ झालं. कुत्र्याला ती वावरात शिरत, वाघाला खायला लागत, आणि माणूस ‘हाड’ म्हणाला की पुढच्या ओळीत सरकत.

"याच्यात दुसरं काही टाक," एका संध्याकाळी किसनराव म्हणाले होते. "तुही ती बोंब टाक. डुकरं काय, जावईसुद्धा या वाटेनं येनार नाई."

हा अपमान होता, पण आमंत्रणही होतं. रजतने आमंत्रण तेवढं घेतलं. ही बातमी फोनवरून जामला पोचली तेव्हा अंकित म्हणाला, की भोंगा ही काही कुणाच्या बापाची जहागीर नाही, स्टेनलाही पाळी मिळाली पाहिजे. भोंगा रजतच्या बापाचाच होता, पण मुद्दा रास्त होता. मग नियम ठरले. आधी स्टेन, नंतर मिका. सपनाने आंतोनसाठी एक रात्र मागितली. युतीने ती फेटाळली.

स्टेनच्या पाळीत डुक्कर फिरकलं नाही. एकही नाही. कोल्हासुद्धा बांध सोडून गेला.

"ही बोंब चांगली आहे," किसनराव चहा पिता पिता म्हणाले होते. त्या दिवशी रजत जेवला नाही. पोट बिघडलंय असं त्याने आईला सांगितलं.

आणि काल मिकाची पहिली रात्र होती.

सपनाची स्कूटी पांदणीवरून आली. ती उतरली, चप्पल काढून हातात घेतली आणि कुणाशी न बोलता हरभऱ्यात शिरली. चार पावलांवर खाली बसून तिने एक झाड उलटंपालटं करून पाहिलं. मग त्याच्या शेजारचं पाहिलं.

"रजत, एकही घाटा तुटला नाई," ती म्हणाली.

"तेच तर म्हनून राह्यलो ना मी याले."

"अन् माती कुठं उकरली नाई. डुक्कर आलं अन् उकरलं नाई, असं होते का?"

"पुढं ये. इथं पाह्य."

तिघं वावराच्या मधोमध गेले. तिथे हरभरा दबला होता. एक मोठा लांबट खळगा, त्याच्या बाजूला तसेच आणखी, आणि भोंग्याच्या अंगाला बारके बारके खळगे. झाडं मोडली नव्हती. अंगाखाली निजवल्यासारखी आडवी झाली होती. सपना एकेका खळग्याशी वाकली.

"नाकाचे ठसे आहेत," ती लॅबमध्ये बोलायची त्या आवाजात म्हणाली. "सगळे भोंग्याच्या दिशेनं."

"पिल्लं पुढं," रजत म्हणाला. "मोठे मागं."

कुणाच्या घरी न विचारता शिरल्यासारखा अंकित एका खळग्याच्या काठावर पाय सावरून उभा होता.

"म्हंजे काय म्हननं काय आहे तुहं?" शेवटी त्याने विचारलं.

"तुह्या गायकानं हाकलले. माह्या गायकानं बसवले."

"अबे पन मेटलचं कामच हाकलनं होय! ऐकून मानसाच्या अंगावर काटा आला पाह्यजे."

"काटा तर बाभळीलेही असते. बाभळीखाली बसून ऐकतं का कोनी?"

"रजत, डुकरं आहेत ते."

"मंग? तुह्या स्टेनले डुक्कर भ्यालं तवा तुले लय अक्कलवान वाटलं ते. आता माहं ऐकलं तर लगेच डुक्कर झालं काय?"

अंकित उत्तर शोधायला लागला. तेवढ्यात ते पलीकडच्या बांधावरून चालत आलं. तानबाचं वावर शेजारी होतं. डोक्याला मफलर गुंडाळून तानबा तिथून ओरडतच आला.

"माहं अर्धं वावर साफ केलं हो! अर्धं! अन् खाऊन पिऊन तुमच्या इथं आंग टाकाले आले वाटते."

"पाह्य!" अंकितचा जीव भांड्यात पडला. "पोट भरलं होतं म्हनून खाल्लं नाई. ऐकाले गिकाले कोनी नोतं आलं."

"निजाले एवढं झुडपी जंगल पडलं आहे ना बे," रजत म्हणाला. "ते सोडून भोंग्याच्या तोंडाशी कोन निजते? तू निजशीन का, स्टेनचा भोंगा लावून?"

"मी तर रोज निजतो."

"तू निजतो. डुक्कर काऊन निजन?"

तानबाच्या मागोमाग किसनराव आले आणि त्यांच्यासोबत खाकी गणवेशात मंजुषा मॅडम. त्या या भागाच्या वनरक्षक होत्या. तानबाच्या नुकसानीचा पंचनामा करायला सकाळीच आल्या होत्या. तिथून किसनरावांच्या हरभऱ्यातले आडवे पट्टे दिसले, तेव्हा हेही वावर आजच उरकून घेऊ म्हणाल्या.

किसनराव त्या मोठ्या खळग्याशी गेले आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. त्यांनी दबलेल्या झाडांखाली हात घातला, मातीपर्यंत नेला, तिथेच ठेवला. मग एक घाटा हातात घेऊन दाबून पाहिला आणि झाड होतं तसंच सोडून दिलं.

"खाल्लं नाई," ते स्वतःशी म्हणाले.

"लोळून झालेलं नुकसानही धरतो आम्ही काका," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "ती काळजी नका करू. काही उपाय केला होता का, एवढं सांगा. भोंगा, कुंपण?"

"भोंगा आहे."

"चालू होता?"

किसनरावांनी रजतकडे पाहिलं.

"चालू होता," रजत म्हणाला.

"कोणता आवाज? वाघाचा?"

"किसनरावच्या पोरानं डुकरायची मैफल बसवली मॅडम," तानबा म्हणाला आणि स्वतःच हसला. "इचारा, इचारा त्याले. विलायती हाय म्हने."

मंजुषा मॅडमनी आवाज ऐकवायला सांगितलं. रजत खांबाशी गेला. त्याने बटण दाबलं आणि हात मागे बांधून, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसा सरळ उभा राहिला. भोंगा आधी खरखरला. मग गिटार सुरू झाल्या, मग ढोल, आणि त्या सगळ्यातून वर, थंडीतल्या उघड्या शिवारावर, मिकाचा आवाज निघाला. नाल्यापलीकडच्या बगळ्यांनी माना वळवल्या. तानबाने मफलर कानावर ओढला. मिका वर जात होता. आता संपला असं वाटे आणि तो आणखी वर जात असे.

"बस बस, आलं लक्षात," मंजुषा मॅडम मोठ्याने म्हणाल्या. "बंद करा."

रजतचा हात बटणाकडे गेला. खळग्यापाशी बसलेल्या किसनरावांनी वर न पाहता एक तळहात उचलला.

"होऊ दे पुरं," ते म्हणाले.

गाणं लांब होतं. मेटलची गाणी लांबच असतात. यावर रजतला आजवर बरंच बोलावं लागलं होतं, पण आज ते त्याला पहिल्यांदाच जरा जास्त लांब वाटलं. मधे एक जागा होती, तिथे सगळी वाद्यं थांबतात आणि मिका एकटाच उरतो. तिथे किसनरावांची मान किंचित हलली. अंकितने ते पाहिलं आणि नजर नाल्याकडे वळवली. सपनाने चप्पल खाली ठेवली. मग वाद्यं परत आली, धडधड झाली आणि सगळं संपलं. भोंगा खरखरत राहिला.

मंजुषा मॅडमनी घसा साफ केला. मग त्या किसनरावांच्या जवळ जाऊन, घरच्या माणसाशी बोलावं तशा हळू बोलल्या.

"काका, हे असं वर गेलं तर तुमचा अर्ज उडेल. शेतकऱ्याने स्वतःच जनावराला बोलावल्यासारखं होतं ते. आपण असं करू, रात्री भोंगा बंद होता म्हणून लिहू. बॅटरी उतरली होती. तुम्ही फक्त हो म्हणा. रकमेचं मग मी पाहते."

"हो म्हना किसनराव," तानबा म्हणाला. "बोंब नोती म्हना. बोंबेपायी कायले आपलं नुकसान?"

रजत भोंग्याच्या तारेशी उगीच चाळा करत होता. तार नीटच होती. हो म्हणणंच बरोबर होतं, हे त्यालाही कळत होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. रात्रभर मिका गायला, हे वावरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कागदावर तो गायला नसता, तर मिकाचं काही बिघडणार नव्हतं. मिकाला अल्लीपूर माहीत नव्हतं.

"म्हना बाबा," तो म्हणाला. "बंद होता म्हना."

किसनराव उठले. उठताना त्यांनी खळग्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घेतला. हाताची माती झटकली, टोपी काढली, परत घातली.

"बंद नोता," ते म्हणाले. "रातभर चालू होता."

"काका..."

"जलम गेला माहा या वावरात. डुक्कर येते, खाते, उकरते, पळते. डुक्कर येऊन बसलं, असं मी नाई पाह्यलं. माह्या बापानं नाई पाह्यलं." ते तानबाकडे वळले. "तुह्या वावरात जेवले अन् माह्या वावरात बसले. बसले कायले? गानं चालू होतं म्हनून बसले."

"गानं?" तानबा म्हणाला.

"हो. गानं."

रजतने तार सोडली.

मंजुषा मॅडमनी काही क्षण किसनरावांकडे पाहिलं. मग बांधावर बसून मांडीवरच्या पॅडवर कागद सरळ केला. "मग तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत घेते," त्या म्हणाल्या. "भाषा सरकारी करावी लागेल, पण एक शब्द सोडणार नाही. आधी आवाजाचं नाव सांगा. काय लिहू?"

रजतला नाव सांगता येईना.

"मिका," अंकित बांधावरून म्हणाला. त्याने मोटरसायकलची किल्ली उगाच मुठीत फिरवली. "लिहा, गायक मिका. पन खाली हेही लिहा, का स्टेनच्या वेळेस एकही आलं नोतं."

"अन् आंतोनले संधीच नाई भेटली," सपना म्हणाली.

ही दोन्ही वाक्यं कागदावर आली नाहीत. बाकी सगळं आलं. किसनराव टोपी सारखी करत, थांबत थांबत सांगत गेले. जिथे अडले तिथे त्या मोठ्या खळग्याकडे पाहून पुन्हा सुरू झाले. मंजुषा मॅडमनी लिहून झाल्यावर उभं राहून वाचून दाखवलं, आणि नियमाप्रमाणे सगळ्यांनी ते उभं राहूनच ऐकलं:

‘अर्जदाराचे म्हणणे असे की, दिनांक मजकुरी रात्री शेतातील भोंग्यावर गायक मिका यांचे गायन चालू होते. सदर गायन ऐकण्यासाठी रानडुकरांचा कळप पिल्लांसह येऊन बसला. कळपाने अर्जदाराच्या पिकाचा एकही घाटा खाल्लेला नाही, सबब अर्जदाराची भरपाईबाबत मागणी नाही. तथापि कळप बसल्याने हरभरा दबतो. तरी शेतालगतच्या झुडपी जंगलात, भोंग्याचा आवाज नीट पोहोचेल अशा अंतरावर, काटे साफ केलेली एक सपाट व कोरडी जागा सदर कळपास बसण्यासाठी वनखात्यामार्फत करून देण्यात यावी. पिल्लांची व्यवस्था पुढील बाजूस असावी. आणि गाणे पुरे होईपर्यंत कळपास कोणीही उठवू नये, असे आदेश संबंधितांना देण्यात यावेत, ही नम्र विनंती.’